विहीणबाईंची भाषा

रिहे, ता. मुळशी
९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय स्नेहल,

तुला आणि दाविदेला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही दोघं वेळेवर जेवत असाल असं धरून चालते.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू वाचल्याची निळी खूण उमटते, आणि ती उमटली की मी उत्तराची वाट बघत बसते. तुलाही त्याचं ओझं होत असणार. पोस्टाच्या पत्राला खूण नसते. कपाटात टाकून ठेव, महिन्याने वाच, नाहीतर वाचूच नकोस. मला कळणार नाही.

खालच्या खाचरातलं इंद्रायणी कापून झालं. वरचं अजून उभं आहे. दिवाळी झाली तरी जमीन ओली होती, त्यामुळे सगळ्यांचीच कापणी मागे पडली आणि आता सगळ्यांना एकदमच माणसं हवी आहेत. बाबा सकाळी फार्महाऊसच्या बागांना पाणी सोडून येतात आणि मग शेतात उतरतात. पाठ धरली की पुण्याच्या मालकांना फोनवर सांगतात, "साहेब, मोटर बिघडलीय, उद्या बघतो." मोटर म्हणजे ते स्वतः.

आजी हल्ली तुझ्या खोलीत झोपतात. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हितं वारं लई चांगलं येतंय." त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही आजी लावून घेतात. 

शाळेत सहामाहीचे पेपर तपासून झाले. घोटावड्याच्या रस्त्याचं काम अजून तसंच आहे.

इतकं लिहून थांबले होते. चहा करून आले. पत्र लिहायला बसले ते हे सांगायला नाही, हे तुलाही कळलं असेल.

मी अजून इटालियन शिकते आहे. हे तुला सांगावं की नाही, यावर डायरीत पानभर लिहून झालं. सांगितलं तर तुला वाटेल आईला काहीच पोचलं नाही, हिचा खेळ चालूच आहे. न सांगता चालू ठेवलं तर ती लपवाछपवी. म्हणून सांगते.

जूनमध्ये तू बातमी दिलीस त्याच आठवड्यात मी ते ॲप घेतलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; तुला येणं जमणार नव्हतं, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं असं आपलं ठरलं. तुझी भाषा मला येते. दाविदेशी माझं मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. पण विहीणबाईंशी कसं बोलणार? दोन विहिणी एका स्वयंपाकघरात समोरासमोर उभ्या, आणि मीठ कुठे आहे हेही विचारता येऊ नये, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा.

ॲपमध्ये एक राखाडी मांजर आहे. उत्तर बरोबर आलं की शेपटी उडवते, चुकलं की डोळे मिटून घेते. पाने म्हणजे पाव, आक्वा म्हणजे पाणी. मी भाकरी थापताना फोन फडताळावर उभा करायचे आणि मोठ्याने म्हणायचे.

"कुणाला बोलावतीयास गं?" आजी ओसरीवरून विचारायच्या.

"कुणाला नाही, आत्याबाई. इटलीची भाषा शिकतेय."

"कशापायी? तितं काय भाषण करायचंय व्हय? बाळंतिणीला शेक द्यायचा, पोराला न्हाऊ घालायचं. पोराला कुठं कुणाची भाषा येतीया?"

बाबा म्हणायचे, "सरावाला लवासात जाऊन ये. घरं तिकडच्यासारखीच हायेत. बोलायला कुणी न्हाई, म्हंजे तुला हसणारंबी कुणी न्हाई."

तेव्हा आम्ही खूप हसायचो.

दसऱ्यानंतर मी ते बंद करणार होते. फोन हातात घेतला तर मांजर म्हणालं, आज तुम्ही आला नाहीत, आम्ही वाट बघतो आहोत. यंत्राची वाट बघणं खरं नसतं हे मला कळतं. तरी त्या दिवसांत आपली कुणी वाट बघतंय हे वाक्य मला मिटवता आलं नाही. मी धडा उघडला. पहिलंच वाक्य आलं, इल बांबिनो बेवे इल लाते. बाळ दूध पितं. त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी लिहिलं. मांजराने शेपटी उडवली.

या ॲपची रीत अशी आहे की तुमचा चुकलेला शब्द ते विसरत नाही. धडा संपता संपता तो पुन्हा पुढे ठेवतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, बरोबर येईपर्यंत. मी वर्गात हेच करते आणि त्याला चिकाटी म्हणते. कुटुंबाच्या धड्यातला एक शब्द आहे. मला तो येतो. पहिल्या आठवड्यातच पाठ झाला होता. गेला महिनाभर मी तो मुद्दाम चुकवते आहे, आणि ते तो परत आणतं आहे.

विहीणबाई मला दर रविवारी आवाजी निरोप पाठवतात. तुला माहीत आहे का, ते मला माहीत नाही. लग्नात मी त्यांचे पाय धुवायला तांब्या घेऊन वाकले तेव्हा त्यांनी घाबरून पाय वर ओढून घेतले होते, आठवतं? आजी म्हणाल्या होत्या, "येडी हाय का काय ही! मान देतोय तर पाय लपवतीया!" आणि मग त्यांनी माझाच हात धरून मला शेजारी खुर्चीत बसवलं होतं. तशाच त्या बोलतात, हात धरून बसवल्यासारखं, हळू. मला सुटे शब्द कळतात. थंडी. पाव. स्नेहल. रडते. फुलं. मधलं सगळं अंधारात राहतं.

फोनमध्ये भाषांतराची सोय आहे. दाविदेलाही विचारता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. तुझ्याबद्दलची गोष्ट यंत्राच्या तोंडून ऐकायची नाही, अशी मी मनाची समजूत घातली आहे. ती पूर्ण खरी नाही. मला त्या अंधाराची भीती वाटते.

आता तेवढं विचारते. तिकीट वीस डिसेंबरचं आहे. तू लिहिलं होतंस, "आई, तू येऊ नकोस." का, ते लिहिलं नाहीस. ज्या कामाला येणार होते ते काम उरलं नाही म्हणून नको, की मीच नको? पहिलं असेल तर माझं तुला सांगणं आहे, बाळंतिणीला शेक लागतोच. दुसरं असेल तर मी तिकीट रद्द करते आणि पुन्हा हा विषय काढत नाही. बाबा म्हणतात, पोरीला सुचू दे जरा. पण त्या दिवशी आपला फोन तुटला त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही, आणि तो कशाने गेला हे मला शोधूनही सापडत नाही.

थंडीत कान झाकून बाहेर पडत जा.

तुझी,
आई


रिहे
३० नोव्हेंबर, रविवार

प्रिय स्नेहल,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं नव्हतं. हे पत्र मात्र वाच. आत्ताच नाही, पण वाच.

मागच्या रविवारी दुपारी अंगणात भात वाळत घातलं होतं. आजी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसल्या होत्या, मी पायाने दाणे खालीवर करत होते. तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला. मी तिथेच उभ्या उभ्या लावला. मागे वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे त्या बाहेर कुठेतरी उभ्या होत्या.

दोमेनिका, रविवार. हा मला आधीही कळत होता. फियोरी, फुलं. मग एक लांब शब्द जो मला येत नव्हता. मग बांबिना, मुलगी. आणि मग सी कियामा.

ॲपचा पहिला धडा नावाचाच आहे. मी कियामो, माझं नाव अमुक. सी कियामा, हिचं नाव अमुक. पाव आणि पाण्याच्याही आधी तेच शिकवतात, कारण परक्या मुलुखात माणसाला आधी तेच लागतं. मी तो धडा इतक्यांदा केला आहे की पुढचा शब्द यायच्या आत माझं मन तिथे जाऊन उभं राहिलं.

आणि त्या म्हणाल्या, आ-शा-ल-ता.

एकेक अक्षर सांभाळून, पाठ केल्यासारखं. आधी मला वाटलं त्या मला हाक मारताहेत. मला या नावाने कुणी हाक मारत नाही. घरात मी वहिनी आहे, शाळेत मॅडम. नाव सातबाऱ्यावर आणि हजेरीवर. मी पुन्हा लावला. पुन्हा. ला बांबिना सी कियामा आशालता. मुलीचं नाव आशालता.

तो लांब शब्द मग मी कोशात बघितला. चिमितेरो. दफनभूमी.

मी वाळत घातलेल्या भातातच खाली बसले. आजी ओरडल्या, "अगं, दाणं! दाणं चिरडत्यात!"

स्नेहल, तुझा आवाज कशाने गेला हे मला तिथे बसून कळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते. तू म्हणालीस, "आई, ती गेली." एवढंच. आणि मी, तुझी शिकलेली आई, जिने तुला वेळप्रसंगी चार बायकांशी भांडून पुण्याला शिकायला ठेवलं, मी म्हणाले, "नाव ठेवलं नव्हतं ना बाळा? मग बरं झालं."

फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा लावला. लागला नाही, तेव्हाही मी रेंजलाच दोष दिला.

हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत आहे. आपल्याकडे ते समाधानाचं म्हणून म्हणतात. बाराव्या दिवसाच्या आत लेकरू गेलं की शेजारणी येतात, बाईच्या पाठीवरून हात फिरवतात आणि हेच विचारतात. नाव नसलं की ते माणसांत आलेलं धरत नाहीत. सुतक नाही, दहावं नाही, बांधाला पुरून येतात आणि पुढचं बघ म्हणतात. मी ते इतक्या ओसऱ्यांवर ऐकलंय की तुझं दुःख कानावर पडताच ते आपोआप तोंडात आलं. मी विचार करून बोलले नाही. पण हे सांगून मी सुटते का? विचार न करता जे बोलतो तेच आपलं खरं असेल, तर? गेला आठवडाभर मी हाच प्रश्न डायरीत लिहिते आणि खोडते. त्याचं उत्तर तू शोधून द्यावंस असं नाही.

मला वाटत होतं, दिवस भरायच्या आधीच आलेली ती बिननावाची गेली. तिकडे जन्मल्याबरोबरच नाव नोंदवतात, हे मला ठाऊक नव्हतं. आजीचं नाव नातीला देण्याची त्यांच्यात पद्धत आहे, हेही आत्ता दाविदेला विचारून कळलं. तो म्हणाला, नाव तूच निवडलंस, ती पोटात असतानाच. मी तिकडे आले की मला सांगणार होतीस. आपल्यात हयात माणसाचं नाव लेकराला देत नाहीत. रागावून हाक मारायची पंचाईत होते. तू ते मोडून माझं नाव दिलंस, आणि मी तुला म्हणाले, नाव नव्हतं ते बरं झालं.

ती मुलगी होती, एवढंही मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. बघ, "जे झालं" असंही लिहिलं नव्हतं. भात लिहिलं, रस्ता लिहिला, मांजर लिहिलं.

आजींना मी त्याच दिवशी सांगितलं. काठी बाजूला ठेवून त्या ऐकत होत्या. कोंबड्या खुशाल भातात शिरल्या.

"दगडावर लिवलंय? नाव?" त्यांनी विचारलं.

"हो. दाविदेने फोटो पाठवलाय."

"दाव."

फोटो त्यांनी हातात धरला. त्यांना आपली अक्षरंही वाचता येत नाहीत, ती तर इंग्रजीसारखी. तरी बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "जयसिंगाच्या आदी माझी एक गेली. नवव्या दिशी. ओढ्याच्या कडंला हाय ती. मला बी बाया म्हणल्या, नाव न्हाई, सुटलीस. मी म्हणलं, व्हय बाई, सुटले." बोट अजून फोटोवरच होतं. मग, "माझीला न्हाई ठिवलं."

इतकी वर्षं मी या घरात आहे. मला हे माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं, आणि ती त्यांची थोरली बहीण.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर चुलीवर मोठं पातेलं. आजी गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"नाव ठिवलं म्हंजी बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या का कुणी? न्हाई ना? मग."

"लोक काय म्हणतील?"

हे मी विचारलं, स्नेहल. पुन्हा मीच.

"काय म्हणायचंय ते म्हणू दे की. खातील आन म्हणतील."

टोपली कडेवर घेऊन, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, आजी आळीतल्या प्रत्येक दारात गेल्या. मी मागे वाट्या घेऊन. कोपऱ्यावरच्या कोंडाबाईंनी विचारलं, "कशाच्या गं म्हातारे?" आजी म्हणाल्या, "माझ्या पणतीच्या. आशालता तिचं नाव. इटलीला असती." कोंडाबाईंना सगळं माहीत आहे, गावात कुणाला माहीत नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी ओंजळ पुढे केली. पुढे एकीनेही काही विचारलं नाही. सगळ्यांनी ओंजळीत घेतल्या.

टोपलीत शेवटी मूठभर राहिल्या. त्या पदरात घेऊन आजी एकट्याच ओढ्याकडे गेल्या. मी मागे गेले नाही. परत आल्या तेव्हा पदर रिकामा होता, आणि त्यांनी पातेलं घासायला घेतलं.

आता माझं. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली की द्यायचं काम तुझ्यावर येतं आणि तुझ्यावर आधीच पुष्कळ आहे. मी काय करणार आहे तेवढं सांगते.

तिकीट मी रद्द केलेलं नाही. तू येऊ नकोस असं लिहिलंस, ते मी धरून आहे. तुझ्या दारात मी येणार नाही. काल मी विहीणबाईंना निरोप पाठवला. स्वतःच्या तोंडाने, कागदावर न लिहिता. व्याकरण कसं झालं असेल देव जाणे. म्हटलं, मी वीसला निघते. रविवारी मला तुमच्यासोबत यायचंय, फुलं घेऊन. त्यांचं उत्तर इतकं लहान होतं की त्यात अंधाराला जागाच नव्हती. व्हिएनी, म्हणजे ये. आणि मग रडणं, ते शिकावं लागत नाही.

मी त्यांच्याकडे उतरेन. तुला भेटावंसं वाटलं तर भेट. नाही वाटलं तर मी तिच्यापाशी बसून, विहीणबाईंच्या हातचं खाऊन परत येईन, आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही असं मी खोटं लिहिणार नाही, पण त्याचा जाब तुला कधी विचारणार नाही. आणि यातलं काहीच तुला सोसण्यासारखं नसेल, त्या जागीही मी नको असेन, तर फक्त "नको" लिही. मी थांबेन. कारण विचारणार नाही, आता ते मला माहीत आहे.

आजींनी आपल्या जुन्या लुगड्याचं एक दुपटं शिवायला घेतलं आहे. अगदी लहान, दगडावर पसरता येईल एवढं. मी म्हटलं, तिकडे बर्फ पडतं, भिजेल. त्या म्हणाल्या, "भिजंल तर भिजंल. वाळंल."

एक राहिलं. मागच्या पत्रात मी एका शब्दाबद्दल लिहिलं होतं, मी रोज मुद्दाम चुकवत होते तो. आज सकाळी तो पुन्हा आला. चष्मा लावलेल्या म्हाताऱ्या बाईचं चित्र, मांडीवर नातवंड, खाली रिकामी जागा. मी तो नीट लिहिला. आता तो परत येणार नाही, असं मांजर म्हणालं. मला तो परत आला तरी चालेल.

तुझी आई,
आणि आशालताची नोन्ना,
आशालता